सेव्ह केलेली नेटवर्कं

मी रक्त गोळा करते. सकाळी सहा ते दहा,
माहीम ते माटुंगा, सगळी उपाशी पोटं.
नळ्या बर्फाच्या पिशवीत, नोंदी टॅबलेटवर.
कंपनीचं सिम जुन्या दगडी भिंतींपुढे मान टाकतं,
म्हणून चपला काढता काढता विचारावं लागतं,
वायफाय आहे का?

पासवर्ड सांगताना माणसं आवाज खाली आणतात.
साखर तीनशे वीस सांगताना आणत नाहीत.

सॅव्हियो डिमेलोंचा पासवर्ड कुत्र्याच्या नावाचा,
कुत्रा सोफ्याखाली शेपटी आपटतो.
पारशी कॉलनीतल्या गुलबानू दस्तुर यांचा
फियाटचा नंबर, आणि फियाट विकली ते वर्ष.
शितळादेवी रोडवर तळपदे आजोबा म्हणाले,
शशिकला, मग ते वेटोळं, जिलबीसारखं,
मग एकोणीसशे चौसष्ट.
आणि आतल्या खोलीतून कुणीतरी म्हणालं, "ओ."

रक्त त्यांचंच काढायचं होतं.
त्या आजोबांना ओळखत नव्हत्या,
चमचा ओळखत नव्हत्या, सुईला घाबरायचंही विसरल्या होत्या.
ओ तेवढा देत.

टॅबलेट दोनदा बिघडला, सगळं पुसून परत आला.
तेव्हापासून मी पासवर्ड लिहून ठेवू लागले.
यादीचं नाव ठेवलं वाणसामान:
तूरडाळ एक किलो, खाली डिमेलोंचा कुत्रा,
रवा, हिंग, खाली दस्तुर बाईंची गाडी.
मला वाटायचं, काय डोकं चालवलंय!

मग सुवर्णा भोईरचा टॅबलेट सायनला सिग्नलवर गेला,
बाइकवरून, हातातून, एका झटक्यात.
ऑफिसने सगळ्यांचे टॅबलेट तपासायला घेतले.
कल्पेश गालाने माझं वाणसामान वाचलं,
चष्मा कपाळावर नेला.
"ताई, ही छत्तीस घरांची किल्ली
तुम्ही पायपुसण्याखाली ठेवलीय."

त्याने तिजोरी बसवून दिली. एन्क्रिप्ट की काय ते.
आत सगळे पासवर्ड, बाहेर फक्त ठिपके.
स्क्रीन तीस सेकंदांत मिटते, पाच वेळा चुकलं की सगळं साफ.
उघडायला एकच मोठा पासवर्ड, डोक्यात ठेवायचा,
चार शब्दांचा, एकमेकांशी नातं नसलेल्या.
"नाव नको," तो म्हणाला. "घरातल्यांचं तर नकोच.
फोडणारे आधी नावं लावून बघतात."

माझे चार शब्द मी इथेही सांगणार नाही.
त्यातला एक खायचा आहे. एक शिवी आहे.

पुढच्या फेरीत मी घरोघरी शहाणपण वाटत गेले.
डिमेलो हसले. दस्तुर बाईंनी वहीत लिहून घेतलं,
आणि खाली नवा पासवर्डही लिहिला. काय बोलणार!
तळपदे आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं.
"नाव फुटतं म्हणतेस."
"हो आजोबा, सगळ्यात आधी."
"बरोबर आहे," म्हणाले, आणि ट्रे धरायला आत आले.
वाकून, हळू, जणू मीच पुन्हा विचारलंय असं
सबंध पासवर्ड म्हणाले, जिलबीसकट.
"ओ," शशिकलाबाई म्हणाल्या.
तेवढ्यात मी शीर धरली.

मार्गशीर्षात एका मंगळवारी यादीत
त्या पत्त्यावर एकच नाव आलं. वय ब्याऐंशी, पुरुष, उपाशीपोटी.
चुलत पुतण्या दार उघडून ऑफिसला निघून गेला.
आतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला होता.

टॅबलेट उंबऱ्यातच जोडला गेला होता,
वर कोपऱ्यात तो छोटा पंखा पूर्ण भरलेला.
कुणाला काही विचारायची गरज नव्हती.
कल्पेशने हेच तर करून दिलं होतं,
तोंडाने काही बोलावं लागू नये.

मी पिशवी ठेवली. टॅबलेट पालथा ठेवला.
"आजोबा, वायफायचा पासवर्ड?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टॅबलेटकडे,
आवाज खाली आणला
आणि सांगितला. सावकाश. वेटोळ्यापाशी थोडे थांबले.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"मूठ आवळा," मी म्हणाले, थोड्या वेळाने.